मुक्काम आणि घर

बालसाहित्याला अनाथ नायक-नायिकांची वाण कधीच पडलेली नाही. आई-वडील नसले की लेखकाची मोठी सोय होते. मूल मोकळे होते, रस्त्यावर येते, संकटात सापडते आणि कथा आपोआप पुढे सरकू लागते. परंतु अनाथ मुलाची कथा आणि फॉस्टर केअरमध्ये वाढणाऱ्या मुलाची कथा यांत एक मूलभूत फरक आहे, आणि या कादंबऱ्यांविषयी बोलताना तो बहुधा निसटतो असे आम्हांला वाटते. फॉस्टर केअरमधल्या मुलाची आई पुष्कळदा जिवंत असते. ती आजारी असते, तुरुंगात असते, व्यसनात बुडालेली असते किंवा नुसतीच निघून गेलेली असते, पण असते. ज्या घरी मुलाला ठेवले आहे ते घर त्याचे नसते, त्याच्या खर्चाचे पैसे सरकारकडून येतात, आणि तिथून कधी निघायचे हे त्याच्या हाती नसते. अनाथाच्या आयुष्यात आईची जागा रिकामी असते. या मुलाच्या आयुष्यात ती जागा अडवून ठेवलेली असते.

मराठीत या व्यवस्थेला रुळलेला शब्द नाही. 'दत्तक' म्हटले की नाव, कुळ आणि वारसा बदलतो. इथे यांतले काहीच बदलत नाही. 'आश्रित' या शब्दात उपकाराचा वास आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या योजनेसाठी 'बालसंगोपन' हा शब्द स्वीकारला. या लेखात आम्ही सांभाळणाऱ्या कुटुंबाला 'प्रतिपालक' म्हटले आहे, कारण पालकाच्या जागी उभे राहणे आणि पालक नसणे ही दोन्ही टोके त्या शब्दात राहतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. बालकादंबरीचा सर्वांत जुना संकेत म्हणजे शेवटी घरी पोहोचणे. फॉस्टर केअरचा पाया मात्र तात्पुरतेपणा हा आहे. ते मुक्कामाचे ठिकाण असते. त्यामुळे या विषयावर कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे शेवटच्या प्रकरणाचा प्रश्न येतो: मुलाला घर द्यायचे की खरे सांगायचे? या प्रश्नाला इंग्रजी बालसाहित्याने वेळोवेळी दिलेली उत्तरे म्हणजेच या साहित्याचा इतिहास, असे मानून तो वाचता येतो.

आरंभ अर्थातच श्रमापासून होतो. इंग्लंडच्या १६०१ च्या दारिद्र्य-कायद्याने निराधार मुलांना कोणाच्या तरी घरी उमेदवारीला बांधून देण्याची सोय केली होती. मूल सांभाळणे आणि मूल कामाला लावणे यांत तेव्हा फारसा भेद नव्हता. १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये डिकन्सने हा व्यवहार आकड्यासकट नोंदवला. मिसेस मान या बाईकडे लहान मुले दर डोई आठवड्याला साडेसात पेन्स दराने ठेवलेली असतात आणि त्यातला मोठा भाग तिच्याच पदरी पडतो. पुढे ऑलिव्हर शवपेट्या करणाऱ्याकडे कामाला लागतो. परंतु शेवट करताना डिकन्सने जुन्याच युक्तीचा आधार घेतला: ऑलिव्हर मुळात चांगल्या घरचा निघतो. त्याला मिळणारे घर हे त्याच्या रक्ताचे देणे ठरते. ज्यांचे रक्त असे उजळ निघत नाही, त्या मिसेस मानकडच्या बाकीच्या मुलांचे काय, हा प्रश्न कादंबरी मिटल्यावरही उरतो.

अमेरिकेत चार्ल्स लोरिंग ब्रेस याने १८५३ साली न्यूयॉर्क येथे 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी शहरातील मुलांना आगगाडीत बसवून मिशिगन राज्यातील डोवॅजिॲक या गावी पाठवले. १९२९ पर्यंत अशा गाड्यांतून सुमारे दोन लाख किंवा त्याहून अधिक मुले पश्चिमेकडे गेली. त्यांना पुढे 'ऑर्फन ट्रेन' असे नाव पडले, पण त्यांतली असंख्य मुले अनाथ नव्हती. त्यांचे आई-वडील गरीब होते. गावोगावी मुले रांगेत उभी केली जात आणि शेतकरी आपल्याला हवे ते मूल निवडून घेऊन जात. कोणाला त्यातून माया मिळाली, कोणाला बिनपगारी गड्याचे जिणे. ब्रिटनमधूनही १८६९ पासून पुढील सात-आठ दशकांत सुमारे एक लाख मुले कॅनडाला धाडली गेली.

ही पार्श्वभूमी ठेवून १९०८ सालची 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' पुन्हा वाचली तर तिचा गोडवा जरा निराळा लागतो. मॅथ्यू आणि मरिला या वयस्क भावंडांना शेतीच्या कामाला मुलगा हवा असतो. लंडनहून येणाऱ्या बर्नार्डो संस्थेच्या मुलाचा विचार होतो आणि मरिला तो फेटाळते. तिला आपल्याच देशात जन्मलेला मुलगा पाहिजे. चुकून मुलगी येते. त्या अकरा वर्षांच्या अ‍ॅनने याआधी दोन घरी इतरांची मुले सांभाळली आहेत. त्यांतल्या एका घरी तर जुळ्यांच्या तीन जोड्या होत्या. मरिला तिला परत पाठवायला निघते तेव्हा वाटेत आणखी एक बाई तिला मागते, पुन्हा मुले सांभाळण्यासाठीच. माँटगोमेरीने हे सारे हलक्या हाताने सांगितले आहे, पण लपवलेले नाही. अ‍ॅन राहते ती आपल्या बडबडीच्या, कल्पनेच्या आणि मोहकपणाच्या जोरावर. आणि शेवटी मॅथ्यू गेल्यावर, मरिलाची दृष्टी अधू होऊ लागल्यावर, हातची शिष्यवृत्ती सोडून ती त्या घराचा आधार होते. शेवट हृद्य आहे यात शंका नाही. पण त्यात एक हिशेबही आहे. घर मिळवावे लागते, आणि मिळालेल्या घराची परतफेड करावी लागते. पुढच्या अनेक कथांनी अ‍ॅनकडून हा हिशेब वारशाने घेतला. ज्या मुलाजवळ मोहकपणा नाही त्याने काय करावे, हे विचारायला बालसाहित्याला आणखी सत्तर वर्षे लागली.

अ‍ॅनच्या पुढच्याच वर्षी, १९०९ साली, व्हाइट हाउसमध्ये निराधार मुलांविषयी एक परिषद भरली. केवळ गरिबीपायी मुलाला घरातून काढू नये, आणि काढावेच लागले तर मोठ्या अनाथाश्रमापेक्षा कुटुंबात ठेवावे, असा कौल तिने दिला. ब्रिटनमध्ये या विचाराला गती यायला एका मुलाचा मृत्यू कारण झाला. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशरमधील एका शेतावर प्रतिपालकांकडे ठेवलेला डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा उपासमार आणि मारहाण यांनी मरण पावला. चौकशी झाली, कर्टिस समिती नेमली गेली, आणि तिच्या १९४६ च्या अहवालातून १९४८ चा बालक-कायदा आला. याच घटनेवरून सुचलेल्या कथाबीजातून अगाथा ख्रिस्तीने १९४७ साली एक नभोनाट्य लिहिले, आणि त्याचेच पुढे १९५२ मध्ये 'द माउसट्रॅप' हे नाटक झाले. रहस्यनाट्याने जे इतक्या तातडीने उचलले, त्याकडे बालकादंबरीने कितीतरी काळ पाठ फिरवली. मुलांना हे कसे सांगावे, हा संकोच समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत होती. ज्या मुलांच्या बाबतीत हे घडत होते, ती पुस्तकांत कुठेच नव्हती.

ब्रिटिश लेखकांना या विषयाकडे येण्याची वाट युद्धाने करून दिली. १९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या काही दिवसांत सरकारी योजनेखाली सुमारे १५ लाख लोक शहरांतून खेड्यांत हलवले गेले. त्यांत बहुसंख्य मुले होती. स्वतः अशा रीतीने वेल्समध्ये राहिलेल्या नीना बॉडेनने १९७३ साली 'कॅरीज वॉर' लिहिली. तिच्यातली कॅरी आणि तिचा भाऊ एका कडक दुकानदाराच्या घरी राहतात. ते घर वाईट नाही, चांगलेही नाही. ते परके आहे, आणि परक्या घरी आवाज न करता वावरण्याची कला मुले किती चटकन शिकतात हे बॉडेनइतके अचूक थोड्यांनीच टिपले असेल. मिशेल मॅगोरियनच्या 'गुडनाइट मिस्टर टॉम'मध्ये (१९८१) मात्र मूल ज्या आईकडे परत जाते तिथेच त्याच्या जिवाला धोका असतो, आणि म्हातारा टॉम त्याला शोधून आणून अखेर आपला मुलगा करतो. 'परत जाणे म्हणजे सुरक्षित होणे' हे समीकरण इथे मोडले. शेवटचे घर मात्र शाबूत राहिले.

ते घर काढून घेण्याचे धाडस अमेरिकेत झाले. १९५९ साली मास आणि एंगलर या संशोधकांनी दाखवून दिले होते की तात्पुरत्या म्हणून काढलेल्या मुलांतली कितीतरी मुले वर्षानुवर्षे या घरातून त्या घरात वाहत राहतात. १९६२ साली डॉ. केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांविषयीचा आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला, १९७४ मध्ये बालछळ-प्रतिबंधाचा संघीय कायदा आला, आणि १९७७ च्या सुमारास पाच लाखांच्या घरात मुले या व्यवस्थेत होती. त्याच १९७७ साली बेट्सी बायर्सची 'द पिनबॉल्स' आली. एका प्रतिपालक घरी तीन मुले: नशेतल्या वडिलांच्या गाडीखाली पाय मोडलेला हार्वी, दोन अतिवृद्ध जुळ्या बहिणींनी वाढवलेला टॉमस जे., आणि सावत्र बापाचा मार खाल्लेली, जिभेची तिखट कार्ली. आपण यंत्रातल्या चेंडूंसारख्या आहोत, कुठे आदळायचे ते दुसरे ठरवतात, असे कार्ली म्हणते. कादंबरीअखेर ती एवढेच मागे घेते: चेंडू प्रयत्न करू शकत नाहीत, आपण करू शकतो. बायर्स कोणालाही कायमचे घर देत नाही. एकमेकांची सोबत देते.

पुढच्याच वर्षी कॅथरिन पॅटर्सनची 'द ग्रेट गिली हॉपकिन्स' प्रसिद्ध झाली. आमच्या मते या सबंध परंपरेतली ही सर्वांत धीट कादंबरी आहे. पॅटर्सन यांनी स्वतः कंबोडियातील दोन मुलांना काही काळ घरी सांभाळले होते. त्या काळात अडचण आली की 'ही मुले थोड्याच दिवसांची आहेत' असा विचार आपल्या मनात येई, आणि माणसांना टाकाऊ समजण्याचाच तो प्रकार होता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. कादंबरी या जाणिवेतून जन्मली. अकरा वर्षांची गिली उद्धट, खोटारडी, चोर आणि वर्णद्वेष्टी आहे. आपल्या कृष्णवर्णीय शिक्षिकेला ती जातिवाचक टवाळीचे भेटकार्ड पाठवते. घरोबा असलेल्या अंध, वृद्ध मिस्टर रँडॉल्फचे पैसे पळवते. तिच्याजवळ अ‍ॅनचा मोहकपणा नाही, आणि मेम ट्रॉटर ही लठ्ठ, अर्धशिक्षित, सश्रद्ध बाई तो मागतही नाही. सांभाळ हा लायकीवर ठरत नाही, हे विधान अ‍ॅननंतर सत्तर वर्षांनी बालकादंबरीत प्रथमच इतक्या ठामपणे आले.

मग शेवट येतो. ट्रॉटरविषयी तक्रार करणारे खोटेनाटे पत्र गिलीने पूर्वीच आपल्या आईला लिहिलेले असते. ट्रॉटरच्या घरात तिचा जीव रुळतो तेव्हाच त्या पत्राचा परिणाम होतो आणि आजी तिला न्यायला येते. ज्या सुंदर आईची गिलीने जन्मभर वाट पाहिली, ती विमानतळावर उतरते आणि कळते की ती आजीने पैसे पाठवले म्हणून आली आहे, दोन दिवसांसाठी. गिली ट्रॉटरला फोन करते, मला घरी यायचे आहे म्हणते. आणि ट्रॉटर नाही म्हणते. सुखान्त ही गोष्टींतली थाप आहे, अशा अर्थाचे काही ती त्या मुलीला सांगते. अनेक वाचकांना हा शेवट निष्ठुर वाटतो. आम्हांला वाटते, त्यात पॅटर्सनने घर आणि मुक्काम यांतले नातेच उलटे केले आहे. मुक्काम सुटला, पण तिथे शिकलेली माया गिली आजीच्या उदास घरात घेऊन गेली. पुस्तकाला १९७९ चे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. पुस्तकातल्या शिव्यांवरून शाळांच्या ग्रंथालयांतून त्यावर आक्षेपही येत राहिले.

योगायोग असा की कायदाही याच सुमारास 'शेवटा'च्या मागे लागला होता. १९८० च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक मुलासाठी कायमस्वरूपी व्यवस्थेची योजना आखण्यावर भर दिला, आणि १९९७ च्या कायद्याने मुदत घातली: मागील २२ महिन्यांतले १५ महिने मूल बाहेर राहिले, तर काही अपवाद वगळता आई-वडिलांचे हक्क संपवण्याची कारवाई सुरू करावी. कथाकाराचा आणि शासनाचा प्रश्न इतका एकसारखा क्वचितच झाला असेल.

ब्रिटनमध्ये जॅकलिन विल्सनने १९९१ साली निराळीच युक्ती योजली. 'द स्टोरी ऑफ ट्रेसी बीकर' ही ट्रेसीने स्वतःच लिहिलेली तिची हकिकत आहे. सुरुवात होते ती सरकारी छापाच्या, रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांनी. ट्रेसी त्या जागा आपल्या थापांनी आणि चेष्टेने भरते. व्यवस्थेतल्या मुलाचे चरित्र फाइलमध्ये असते आणि ते दुसऱ्यांनी लिहिलेले असते. विल्सनने लेखणी मुलीच्या हाती दिली. आपल्याला बाळ होणार म्हणून परत पाठवणाऱ्या जोडप्याची हकिकत ट्रेसी सांगते तेव्हा तिच्या फुशारकीमागचे दुःख दहा वर्षांच्या वाचकालाही कळते. कॅम नावाची लेखिका तिला घरी नेईल की नाही हे पुस्तक संपेपर्यंत निश्चित होत नाही. ट्रेसी शेवट स्वतःच रचू पाहते, आणि तो खरा होईल याची हमी विल्सन देत नाही.

या सगळ्या कादंबऱ्यांत एक गोष्ट गृहीत आहे: मुलाला काढणारे शासन कितीही कोरडे असले तरी त्याचा हेतू नेक आहे. हे गृहीत सर्वत्र टिकत नाही. 'गिली हॉपकिन्स' आली त्याच १९७८ साली अमेरिकेच्या काँग्रेसला आदिवासी मुलांसाठी वेगळा कायदा करावा लागला, कारण पाहण्यांनुसार अशा मुलांपैकी २५ ते ३५ टक्के आपल्या घरांपासून तोडली गेली होती आणि त्यांतली बहुसंख्य परक्या समाजात वाढत होती. कॅनडात बीट्रिस कलटन या मेटी समाजातल्या, स्वतः प्रतिपालक घरांत वाढलेल्या लेखिकेने १९८३ साली 'इन सर्च ऑफ एप्रिल रेनट्री' लिहिली. पुढच्या वर्षी तिची शाळांसाठी सौम्य केलेली आवृत्तीही निघाली. एप्रिल आणि शेरिल या दोन बहिणी वेगवेगळ्या घरी जातात. गोरा वर्ण लाभलेली एप्रिल आपली ओळख पुसू पाहते. शेरिल ती ओळख अभिमानाने जपते आणि तिच्याच ओझ्याखाली अखेर जीव देते. इथे चांगले घर मिळाले की प्रश्न सुटला असे म्हणताच येत नाही, कारण घरापासून तोडणे हाच मूळ अन्याय आहे. ट्रॉटरचे प्रेमळ घर वाचल्यानंतर हे पुस्तक वाचावे. पहिल्याचे मोल त्याने कमी होत नाही, पण त्याची मर्यादा कळते.

नव्या शतकातल्या कादंबऱ्यांनी हे धडे घेतलेले दिसतात. पॅट्रिशिया रायली गिफच्या 'पिक्चर्स ऑफ हॉलिस वुड्स'मध्ये (२००२) हॉलिस विस्मृतीकडे झुकलेल्या जोसी या वृद्ध कलाशिक्षिकेची काळजी घेते. पुढे एका कुटुंबात तिला कायमचे घरही मिळते. जॅकलिन वुडसनच्या 'लोकोमोशन'मधला (२००३) लॉनी आगीत आई-वडील गमावून बसला आहे आणि त्याची बहीण दुसऱ्या घरी वाढते आहे. शाळेत शिकलेल्या कवितेच्या निरनिराळ्या बंधांत तो आपले दुःख मांडतो. ही कादंबरी 'भावंडांची ताटातूट' हा प्रश्न मध्यावर आणते, जो घर मिळाल्याच्या आनंदात सहसा झाकला जातो. किंबर्ली ब्रुबेकर ब्रॅडलीच्या 'फायटिंग वर्ड्स'मध्ये (२०२०) दोन बहिणी लैंगिक अत्याचारातून सुटून फ्रान्सीन या बाईच्या घरी येतात. फ्रान्सीन मायेचे शब्द जपून वापरते, पण दारे नीट बंद होतील, जेवण वेळेवर मिळेल, उपचार चालू राहतील हे पाहते. डेनिस ओनीलच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी बालकादंबरीला जे उच्चारता येत नव्हते ते उच्चारता आले, आणि तेही दहा वर्षांच्या मुलीच्या विनोदी, रोखठोक आवाजात.

मग कोणता शेवट बरा? साहित्याच्या वर्गात या कादंबऱ्या शिकवताना या प्रश्नाचे उत्तर वाचकावर अवलंबून आहे हे ध्यानी घ्यावे लागते. अशा पुस्तकाचे वाचक दोन. एक स्वतःच्या घरात बसून वाचणारे मूल. त्याला सुखान्ताने हायसे वाटते आणि ते पुस्तक मिटते. दुसरे मूल परक्या घरात, पिशवी अर्धी भरलेली ठेवून वाचते. चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून घर मिळाल्याची गोष्ट त्याच्या हाती पडली, तर त्यातून ते एकच निष्कर्ष काढील: मला घर नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. पॅटर्सन आणि विल्सन यांचे अपुरे शेवट या दुसऱ्या मुलाशी प्रामाणिक आहेत. गिफचा सुखान्तही खोटा नाही, कारण हॉलिसची चित्रकला किंवा तिचा गुणीपणा ही त्या घराची किंमत म्हणून मोजली जात नाही. निकष शेवट सुखाचा की दुःखाचा हा नसून, मुलाकडून घराची किंमत वसूल केली की नाही, हा असावा असे आम्हांला वाटते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर राहिलेला नाही. भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्याने फॉस्टर केअरला स्पष्ट स्थान दिले, २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या, आणि २०२४ च्या सुधारित सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची वाट खुली केली. कायदा घराची व्याख्या करील, तपासणी करील, मुदत ठरवील. आज या सूचनांखाली एखाद्या घरी राहायला गेलेले मूल आणखी दोन-चार वर्षांत गोष्टीची पुस्तके वाचू लागेल. त्याच्या हाती मराठीतले कोणते पुस्तक द्यायचे, याचा विचार लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी आतापासून करायला हरकत नाही.